छोटे इंजिन, टर्बो आणि नाशिककरांच्या शंका

वाहन कंपन्या मोठी इंजिने बंद करून सर्व गाड्यांना एक लिटरची टर्बो इंजिने (धुराच्या जोरावर फिरणाऱ्या चक्राने जादा हवा आत दाबणारी) बसवणार आहेत, अशा अर्थाचे संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहेत. त्यामुळे या वेळी आलेले बहुतेक प्रश्न याच विषयावरचे आहेत. त्यांतील काही निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न (इंदिरानगर): मोठी इंजिने खरोखरच बंद होणार आहेत का? तसे असेल तर आत्ताच मोठ्या इंजिनाची गाडी घेऊन ठेवावी का?

उत्तर: बातमीत तथ्य आहे, पण ‘सर्व’ आणि ‘बंद’ हे दोन्ही शब्द चुकीचे आहेत. इंजिनाचा आकार कमी करायचा आणि ताकद मात्र कमी होऊ द्यायची नाही, हा प्रकार पाहायला नाशिककरांना लांब जावे लागत नाही. नाशिकच्या महिंद्राच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या स्कॉर्पिओला पूर्वी २.६ लिटरचे डिझेल इंजिन होते. पुढे त्याच्या जागी २.२ लिटरचे एमहॉक आले आणि ताकद उलट थोडी वाढली. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २००० सीसी व त्यापुढील डिझेल गाड्यांच्या नोंदणीवर बंदी घातली, तेव्हा याच कंपनीने पुढच्याच महिन्यात तेथे १.९९ लिटरचे इंजिन उपलब्ध करून दिले. ती बंदी ऑगस्ट २०१६ मध्ये उठली. इंजिन किती मोठे असावे हे पुष्कळदा इंजिनिअरच्या गरजेपेक्षा नियमाची रेषा कोठे ओढली आहे यावर ठरते, हे या उदाहरणावरून दिसते.

आपल्याकडे ती रेषा करात आहे. लांबी चार मीटरपर्यंत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसी किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून त्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो. त्यापुढील गाड्यांवर तो ४० टक्के आहे. एवढ्या फरकामुळे एक ते १.२ लिटरच्या टर्बो इंजिनांची गर्दी होणे स्वाभाविक आहे. त्यात कंपनीच्या सर्व गाड्यांच्या सरासरी कार्बन डायऑक्साइडवर सरकारने मर्यादा घातलेली आहे. ती आधी किलोमीटरला १३० ग्रॅम होती, नंतर ११३ ग्रॅमवर आली. हलक्या भारावर चालताना लहान इंजिन कमी इंधन घेते, म्हणून चाचणीत त्याचा आकडा चांगला येतो.

मात्र हा प्रवास एकाच दिशेने चाललेला नाही. टोयोटाने २०२१ मध्ये नव्या लँड क्रूझरसाठी ४.५ लिटरचे आठ सिलिंडरचे डिझेल सोडून ३.३ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन घेतले, हे खरे. पण अमेरिकेत रॅम कंपनीने पिकअप ट्रकमधून काढून टाकलेले ५.७ लिटरचे हेमी इंजिन ग्राहकांच्या आग्रहामुळे परत आणत असल्याचे २०२५ मध्ये जाहीर केले. फोक्सवॅगनचे १.४ लिटरचे टर्बो १.५ लिटरचे झाले आणि ह्युंदाई क्रेटाच्या १.४ टर्बोची जागाही १.५ टर्बोने घेतली. युरोपात प्रयोगशाळेऐवजी प्रत्यक्ष रस्त्यावर चाचणी होऊ लागल्यावर अतिलहान इंजिनाचा कागदावरचा फायदा कमी होतो, हे कंपन्यांच्याही लक्षात आले. त्यामुळे धास्तीपोटी गाडी घेऊन ठेवण्याचे कारण नाही.

प्रश्न (सिडको): एक लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन चार माणसे, सामान आणि एसी घेऊन कसारा घाट चढेल का? दर महिन्याला ठाण्याला जाणे असते.

उत्तर: चढेल, आणि चांगले चढेल. सीसीचा आकडा बाजूला ठेवून टॉर्क (चाके फिरवणारा जोर) किती आणि तो किती आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना) मिळतो, ते पाहा. ह्युंदाईचे टर्बो नसलेले १.५ लिटरचे पेट्रोल इंजिन ११५ पीएस ताकद आणि १४४ न्यूटन मीटर टॉर्क देते, पण हा टॉर्क ४५०० आरपीएमच्या आसपास मिळतो. त्याच कंपनीचे एक लिटरचे टर्बो १२० पीएस आणि १७२ न्यूटन मीटर देते, तेही १५०० पासून ४००० आरपीएमपर्यंत. घाटात आपण बहुतेक वेळ याच टप्प्यात असतो. कसाऱ्याला रेल्वेगाडीला मागून बँकर इंजिने जोडतात आणि इगतपुरीला काढून घेतात. टर्बोचे कामही तसेच आहे, भार आला की मागून रेटायचे आणि सपाटीवर बाजूला व्हायचे. शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर असल्याने येथील हवा मुंबईपेक्षा विरळ आहे. साध्या इंजिनाची ताकद त्यामुळे थोडी घटते, तर टर्बो हवा दाबून ती तूट भरून काढतो.

अडचण १५०० आरपीएमच्या खाली आहे, आणि ती घाटातच गाठते. भरलेल्या कंटेनरमागे आपण पंधराच्या वेगाने रांगत असतो, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये असते, उजवीकडे जागा मिळते म्हणून ॲक्सिलरेटर दाबावा तर क्षणभर काहीच होत नाही, आणि मग एकदम धक्का बसल्यासारखी गाडी सुटते. हा टर्बो लॅग. त्यावर उपाय सोपा आहे: ओव्हरटेकचा विचार मनात येताच दुसरा गिअर टाकावा आणि काटा २००० च्या वर ठेवून मगच बाहेर पडावे. ऑटोमॅटिक घ्यायची असेल तर टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे ऑइलमधून ताकद पोहोचवणारा, गिअरबॉक्स पाहावा. ऑइलमध्ये न बुडवलेल्या दोन क्लचचा (ड्राय ड्युअल क्लच) गिअरबॉक्स घाटातल्या कोंडीत पुन:पुन्हा पुढे सरकताना तापतो.

प्रश्न (सातपूर): ओळखीचा मेकॅनिक सांगतो की टर्बो पेट्रोलचे इंजिन लाख-दीड लाख किलोमीटरला खोलावेच लागते. हे खरे आहे का?

उत्तर: या प्रश्नाला मी सर्वांत जास्त जागा देत आहे, कारण लोकांचे खरे नुकसान येथेच होते. टर्बो म्हणून इंजिन लवकर जाते, हे खरे नाही. स्विफ्ट आणि डिझायरमध्ये वर्षानुवर्षे आलेले फियाटचे १.३ लिटरचे डिझेल टर्बोच होते, आणि त्या गाड्यांनी टॅक्सीत किती मजल मारली हे नाशिक–मुंबई मार्गावरच्या कोणत्याही चालकाला विचारावे. पेट्रोलमध्ये मात्र परिस्थिती अधिक कठीण असते. डिझेलचा धूर टर्बोपर्यंत साधारण ८०० अंशांच्या आसपास पोहोचतो, तर पेट्रोलचा जोराच्या भारावर ९५० अंशांच्याही पुढे जातो.

टर्बोमध्ये एका बारीक शाफ्टच्या दोन टोकांना दोन चक्रे असतात. एकाला सायलेन्सरकडे निघालेला धूर फिरवतो आणि दुसरे इंजिनात जाणारी हवा दाबते. हा शाफ्ट मिनिटाला लाखापेक्षा जास्त फेरे घेतो, आणि बहुतेक टर्बोंमध्ये त्याला आधार असतो तो फक्त ऑइलच्या पातळ थराचा. ऑइल जुने, पातळ किंवा कमी झाले की तो थर तुटतो. ज्या टर्बोला पाण्याचे कूलिंग नसते, त्यात घाट चढून आल्याबरोबर चावी फिरवली तर ऑइलचा प्रवाह थांबतो, उष्णता मात्र आतच राहते. अडकलेले ऑइल जळून त्याचा काळा थर नळीत साचतो. म्हणून इगतपुरीला चहासाठी थांबाल तेव्हा इंजिन मिनिटभर आयडलवर ठेवावे. शहरात साध्या वेगाने घरी पोहोचल्यावर त्याची गरज नाही.

ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्याच ग्रेडचे आणि एपीआय एसपी दर्जाचे (डब्यावर तसे छापलेले असते) घ्यावे. कमी आरपीएमवर जास्त दाब असताना ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटून पिस्टन फुटण्याचा धोका लहान टर्बो पेट्रोलमध्ये असतो, आणि २०२० मध्ये आलेल्या या दर्जासाठी ऑइलची त्याबाबतची चाचणी घेतली जाते. वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने गाडी ओढत नेण्याची आपली सवय याच कारणाने सोडली पाहिजे. ज्यांची गाडी रोज कॉलेज रोड ते कॅनडा कॉर्नर एवढीच फिरते, त्यांचे इंजिन नीट तापतच नाही आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये मिसळत राहते. त्यांनी दहा हजार किलोमीटरची वाट न पाहता सहा महिन्यांनी ऑइल बदलावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही दोष आकाराचे नसून रचनेचे किंवा कारखान्याचे असतात. फोर्ड इकोस्पोर्टच्या पहिल्या एक लिटर टर्बोत टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये बुडालेला होता. चुकीच्या ऑइलने तो झिजला की त्याचे कण ऑइलची जाळी बुजवतात. अमेरिकेत टोयोटाने २०२४ मध्ये टुंड्रा आणि लेक्सस मिळून सुमारे एक लाख गाड्या परत बोलावल्या, त्या इंजिनात उत्पादनाच्या वेळचे धातूचे कण राहिल्यामुळे. ते इंजिन तर ३.४ लिटरचे, म्हणजे मोठेच होते.

प्रश्न (गंगापूर रोड): कंपनी लिटरला वीस सांगते, मला तेरा मिळते. फसवणूक झाली का?

उत्तर: नाही. चाचणी हलक्या भारावर आणि जास्तीत जास्त ताशी ९० किलोमीटर वेगापर्यंत होते, आणि तेथे टर्बोचे काम थोडेच असते. समृद्धी महामार्गावर तुम्ही ताशी १२० ने जाता तेव्हा लहान इंजिन सतत दाबाखाली चालते, आणि अनेक इंजिने भाग थंड ठेवण्यासाठी जादा पेट्रोल सोडतात. तोच प्रवास ९५ ते १०० ने करून पाहा, ॲव्हरेजमध्ये ठळक फरक दिसेल. ई-२० पेट्रोलचाही (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) यात वाटा आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे सहा-सात टक्क्यांची घट त्यातच जाते. मात्र इथेनॉल नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक) रोखते, म्हणून ई-२० साठी बनवलेल्या टर्बो इंजिनाला ते त्रासाचे ठरत नाही.

प्रश्न (पिंपळगाव बसवंत): द्राक्षाचे क्रेट, औषधे आणि कधी मागे छोटी ट्रॉली असा वापर आहे. नवी १.२ टर्बो पेट्रोल घ्यावी की जुनी २.२ डिझेल?

उत्तर: तुमच्यासाठी मोठे डिझेल. लहान टर्बोचा सारा फायदा भार अधूनमधून येतो या गृहीतावर उभा आहे. हंगामात रोज भरलेली गाडी ओढायची असेल तर ते इंजिन कायम टर्बोच्या दाबाखाली राहील, जास्त पेट्रोल पिईल आणि जास्त तापेल. गाडी बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांची) असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातील काजळी अडवणारा फिल्टर, पाहा. शेत ते पॅकहाउस एवढ्याच फेऱ्या झाल्या असतील तर तो चोंदलेला असू शकतो. खरेदीपूर्वी टर्बोकडे जाणारा हवेचा पाइप सोडायला सांगा आणि बोटाने चक्राचा शाफ्ट हलवून बघा. आडवा किंचित हलला तर चालते. पुढे-मागे सरकत असेल, चक्राची पाती कडेला घासलेली दिसत असतील, किंवा इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपमध्ये ओलसरपणाऐवजी ऑइलचे थारोळे असेल, तर टर्बोचा खर्च किमतीतून वजा करून मगच सौदा करावा.