आरटीपीसीआर दोनदा निगेटिव्ह, तरी 'कोविडच' का म्हणाले?

तुमच्या मेहुण्यांची हकीकत वाचली. २०२० च्या पावसाळ्यात महिनाभर कोरडा खोकला, जिना चढताना धाप, दोन निगेटिव्ह आरटीपीसीआर. तरी सीटी बघून कोविडचेच उपचार. आणि शेवटी निघालं एचआयव्ही आणि न्यूमोसिस्टिस. 'एवढ्या डॉक्टरांना कळलं कसं नाही?' असं तुम्ही विचारलंय. परळच्या प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षं गेली, त्यावरून सांगतो.

न्यूमोसिस्टिस ही बुरशी. प्रतिकारशक्ती खालावली, रक्तातल्या सीडी४ या प्रतिकार करणाऱ्या पेशी दोनशेच्या खाली गेल्या, की ती फुप्फुसात डोकं वर काढते. सीटीवर कोविड आणि ही, दोन्ही वाफ धरलेल्या काचेसारखी दिसू शकतात. फरक असतो तो दिवसांत. कोविडमध्ये धाप लागायची ती बहुधा आठ-दहा दिवसांत. एचआयव्हीच्या रुग्णात न्यूमोसिस्टिस कित्येक आठवडे हळूहळू वाढत राहतो. मेहुण्यांचा तो 'महिनाभर' कुणी नीट ऐकला असता तर संशय यायला हवा होता. पीपीई घालून घामाने निथळत शंभर रुग्ण बघणाऱ्याला मी निष्काळजी म्हणणार नाही. पण निगेटिव्ह रिपोर्ट चुकीचा असू शकतो, एवढंच धरून बसायचं आणि एचआयव्हीची साधी तपासणीही सांगायची नाही, हे मला पटत नाही.

त्यात स्टिरॉइड. ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णांना डेक्सामेथासोनचा फायदा होतो, हे जून २०२० मध्ये कळलं आणि ते सर्रास सुरू झालं. न्यूमोसिस्टिसमध्येही स्टिरॉइडने सूज उतरून चार दिवस बरं वाटू शकतं. मग घरचेही म्हणतात, बघा, औषध लागू पडलं! मूळ बुरशी तशीच. तिला कोट्रायमोक्झाझोल हे औषध लागतं.

खात्री करणंही तेव्हा सोपं नव्हतं. ही बुरशी नेहमीच्या कल्चरमध्ये वाढत नाही, खोकला कोरडा म्हणून बेडका मिळत नाही. दुर्बिणीने फुप्फुसातला द्राव काढावा लागतो, आणि संसर्गाच्या धास्तीने ब्राँकोस्कोपी शक्यतो टाळायचे. टीबीच्या निदानाचंही तेच. टीबी शोधणारी सीबीनॅटची यंत्रं कोविडच्या कामाला लागली, लोकल सामान्यांसाठी १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत बंद. नालासोपाऱ्याचा माणूस ओपीडीला येणार कसा? देशात २०१९ ला टीबीचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते, २०२० ला जेमतेम १८ लाख. टीबी काही एका वर्षात एवढा ओसरत नाही.

आता मेहुण्यांचं. एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, चालू आहे हे उत्तम. कोट्रायमोक्झाझोल मात्र डॉक्टर सांगेपर्यंत थांबवू नका. अंगावर पुरळ आलं तर लगेच दाखवा. तुमच्या बहिणीच्या तपासणीबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. झाली नसेल तर जवळच्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयातल्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) या आठवड्यातच घेऊन जा. तपासणी मोफत असते, नाव बाहेर जात नाही. जायच्या आधी काही विचारायचं असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा.