एम.एड. केलं की पगार वाढेल का?

"मॅडम, एम.एड. केलं की पगार वाढतो का हो?" खुर्चीत टेकता टेकताच तिने विचारलं.

ठाण्यातल्या नौपाड्यात, माझ्या करिअर समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न नवा नाही. बहुतेक वेळा तो शाळेची पगारवाढ हातात पडल्यावर येतो. तिला मानसी म्हणू. वय 41, एम.ए. बी.एड. घणसोलीहून लोकलने ठाण्याला यायचं आणि एका विनाअनुदानित शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवायचं, असं 13 वर्षं चाललेलं. यंदा नव्याने लागलेल्या मुलीचा पगार आपल्याएवढाच असल्याचं कळलं आणि तिची झोप उडाली.

मी लगेच उत्तर दिलं. शाळेच्या वर्गासाठी बी.एड. पुरतं. एम.एड. म्हणजे बी.एड.चा थोरला भाऊ नाही, शिक्षकांना शिकवणारे घडवण्यासाठी तो अभ्यासक्रम आहे. खासगी संस्था त्यासाठी पगार वाढवेलच असं नाही. उलट तुम्ही आठवीला शिकवता, तर आधी टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं बघा. 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर निवृत्तीला 5 वर्षांहून जास्त अवधी असलेल्या, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या शिक्षकांना दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हायची आहे. तिने सगळं वहीत उतरवून घेतलं, आभार मानले आणि गेली. काम झालं असं मला वाटलं.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली. टीईटीचं पुस्तक आणलं होतं, रात्री वाचतही होती. "पण मॅडम, मला हे विचारायचंच नव्हतं बहुतेक."

मग मी माहिती देणं थांबवलं आणि विचारलं, शाळेतून खुशीत घरी गेलात असा शेवटचा दिवस कुठला?

आंतरवासितेला, म्हणजे शाळेत शिकवण्याच्या सरावाला आलेल्या बी.एड.च्या एका मुलाची गोष्ट तिने सांगितली. पाठटाचण चोख, पण नववीत कविता घेताना वर्ग पार हातातून गेला. ही शेवटच्या बाकावर बसली होती. नंतर त्याला म्हणाली, "तू प्रश्न विचारतोस आणि उत्तरही तूच देतोस. विचारल्यावर मनात पाच आकडे मोज." दुसऱ्या दिवशी तो खरंच मोजत उभा राहिला, ओठ हलत होते म्हणे! चौथ्या आकड्याला मागच्या बाकावरचा एक मुलगा बोलला. मानसीने मला त्या मुलाची नक्कलसुद्धा करून दाखवली. वीस मिनिटांत पगाराचं नाव निघालं नाही.

म्हणजे एम.एड.चा विचार चुकीचा नव्हता, त्याचं कारण तिने भलतंच धरलं होतं. मी मात्र त्या कारणालाच उत्तर देऊन मोकळी झाले होते.

पुढचा हिशेब रोकडा होता. एम.एड. दोन वर्षांचं, पूर्णवेळ. वर्षाला किमान 200 दिवस कामाचे, शिवाय लघुप्रबंध. नोकरी सांभाळून ते जमत नाही. घराचा हप्ता चालू, आणि शाळेने बिनपगारी रजा द्यायला नकार दिला. दुसरी वाट इग्नू या मुक्त विद्यापीठातून, नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्रात एम.ए. करण्याची. बी.एड.च्या मुलांना घडवणाऱ्या अध्यापक महाविद्यालयात मराठीची अध्यापनपद्धती शिकवायची असेल तर मराठीतली पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. दोन्ही लागतात. शिक्षणाचं तत्त्वज्ञान, मानसशास्त्र अशा विषयांच्या पदांना शिक्षणशास्त्रातलं एम.ए. आणि बी.एड. चालतं. दोन्हीकडे गुण 55 टक्के हवेत, वर नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, नाहीतर पीएच.डी. तिथेही विनाअनुदानित महाविद्यालयांत पगाराची रड असतेच, हेही सांगितलं. या खेपेला तिने वही काढली नाही.

"सासूबाई म्हणतील, या वयात कसली परीक्षा?"

"विचारलंत त्यांना?"

विचारलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात फोन आला. इग्नूचा अर्ज भरताना बी.एड.ची गुणपत्रिका सापडेना. सासूबाईंनीच ती देव्हाऱ्याखालच्या खणातून काढून दिली, प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या खाली जपून ठेवलेली. "58 टक्के आहेत हं," त्या तिला म्हणाल्या. आकडा त्यांना पाठ होता.