वाचकांचे प्रश्न : भट्टीच्या विटा कापायच्या कशा, लावायच्या कशा?

प्रश्न : शेतावर पाव आणि पिझ्झासाठी विटांची भट्टी बांधायला घेतलीय, घुमटाची, आतून 36 इंच व्यास. गवंडीदादांनी नेहमीच्या सिमेंटच्या मालात अख्ख्या विटांचे तीन थर चढवले, मागे फटी राहिल्या त्या मालाने भरल्या. परवा आत थोडी लाकडं पेटवून बघितली तर सांधे तडकले. पाडायचं का? आणि विटा छन्नीने तोडायच्या की ग्राइंडरने कापायच्या?
– एक वाचक, वाई

उत्तर : पाडा. तीनच थर आहेत, माल अजून कोवळा आहे, खरवडला की त्याच विटा परत वापरता येतील. गवंडीदादांना बोल लावू नका, भिंतीला तोच माल बरोबर असतो, पण पिझ्झाची भट्टी आतून 400 अंशांच्या वर जाते आणि तिथे सिमेंटची पकड सुटायला लागते. आता माल करताना 3 भाग बारीक चाळलेली वाळू, 1 भाग सिमेंट, 1 भाग विझवलेला चुना आणि 1 भाग फायर क्ले (उष्णता सोसणारी माती) घ्या, म्हणजे सुरुवातीला सिमेंट धरून ठेवतं आणि पुढे ते कमजोर झालं की चुना नि क्ले सांभाळून घेतात. तरी जाड सांधा कुठल्याही मालाचा तडकतोच, म्हणून विटा कापायचा कंटाळा अजिबात करू नका.

घुमटाला अर्ध्या विटा लावा. तुमच्या 36 इंचाचा आतला घेर होतो साधारण 113 इंच, साडेचार इंचाची अर्धी वीट धरली तर एका थराला 25 लागतात. घुमटाची जाडीही साडेचार इंच, म्हणजे बाहेरचा घेर 141 इंच, त्यामुळे विटा आतून एकमेकींना टेकल्या की मागे प्रत्येक सांध्यात इंचाहून जरा जास्त पाचर उघडी राहते. खालच्या दोन-तीन थरांत ती विटेच्या कपच्या ठोकून मालाने भरली तरी चालतं, पण वर घेर लहान होत जातो तसं विटांच्या दोन्ही बाजू तिरक्या कापाव्याच लागतात.

छन्नी की ग्राइंडर, तर दोन्ही. विटेवर चारही बाजूंनी पेन्सिलची रेघ मारा, 4 इंची ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून वरून आणि खालून इंचभर खोल खाच पाडा, मग खाचेत छन्नी ठेवून हातोडीचा एकच नेमका ठोका द्या, वीट रेघेवरच दुभंगते. कापायच्या आधी वीट बादलीत बुडवून निथळू द्या, धूळ पुष्कळ कमी होते, पण चालू ग्राइंडरवर पाणी ओतू नका, शॉक बसेल. एन-95 मास्क आणि गॉगल हवेतच. ती धूळ सिलिकाची असते, फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही, हे कृपा करून गांभीर्याने घ्या.

लावताना तळाच्या मधोमध बिजागरीवर 18 इंचाची काठी बसवा, ती सगळीकडे फिरायला हवी. प्रत्येक विटेची आतली कड काठीच्या टोकाला टेकली पाहिजे, मग घुमट कुठेच वाकडा होत नाही. लाल वीट आधी पाण्यात ठेवा, बुडबुडे थांबले की काढा, फायर ब्रिक (उष्णता सोसणारी खास वीट) मात्र नुसती बुडवून लगेच लावा. सांधेमोड पाळा, म्हणजे वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नका. वरचे शेवटचे थर निसटतात तेव्हा आत ओल्या वाळूचा ढीग रचून त्यावर वर्तमानपत्र पसरा नि त्याच्या आधाराने बांधा, माल धरला की वाळू दारातून काढता येते. दाराची उंची घुमटाच्या उंचीच्या 63 टक्के, म्हणजे तुमच्या 18 इंचाला साडेअकराच्या आत ठेवा, नाहीतर गरम हवा दारातूनच निघून जाते.

तळाला फायर ब्रिकच घ्या, माल न घालता नुसत्या घट्ट बसवा, म्हणजे एखादी फुटली तरी बदलता येते.

आणि घाईने पेटवू नका! आठवडाभर ओलं गोणपाट घाला, आठवडाभर सुकू द्या, मग पाच-सहा दिवस रोज छोटा जाळ, पहिल्या दिवशी 100-150 अंशच. आत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की तीच सांधे फोडते.

प्रश्न : आमच्याकडे जांभा चिरा स्वस्त मिळतो. भट्टीला चालेल?
– एक वाचक, राजापूर

उत्तर : खालच्या ओट्याला उत्तम, तिथे चिराच वापरा. आतला तळ आणि घुमट मात्र विटेचाच करा. चिरा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो आणि एकदम जाळ मिळाला तर त्याचेही तुकडे उडू शकतात. भट्टीवर पत्र्याची शेड आधी घाला, मग बांधकाम सुरू करा.