ती लाळ तुमच्या एकटीची नाही

निपाणीहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून देते आहे.

"ताई, माझं वय ४३. माझी आज्जी यल्लम्माला सोडलेली, म्हणजे देवदासी होती. तंबाखूच्या वखारीत राबून तिनं आईला आणि मामाला वाढवलं. आज्जीचे मालक, म्हणजे आईचे वडील, वेदगंगेकाठच्या एका बागाईतदार घरातले, असं गल्लीत सगळे म्हणतात. आज्जीनं मरेपर्यंत नाव घेतलं नाही. माझा मुलगा बेंगळूरला इंजिनिअरिंग करतोय. त्यानं डीएनए चाचणीचं किट मागवलंय. दोन महिन्यांत पणजोबा सापडतील म्हणतो. मला त्यांची जमीन नको, एक गुंठासुद्धा नको. फक्त नाव पाहिजे. आई ६७ वर्षांची आहे. तिला सांगितलं तर म्हणाली, 'मेलेल्याची हाडं कशाला उकरायलीस?' आणि दोन दिवस बोलली नाही. तिला न सांगता मी माझीच लाळ दिली तर चुकेल का?"

बाई, तुम्हाला नाव हवं आहे, यात वावगं काही नाही. मी चौथीत असताना वर्गात एक मुलगी होती, तिच्या नावापुढं आईचं नाव होतं. हजेरीत ते नाव आलं की अख्खा वर्ग वळून बघायचा आणि ती पाटीत तोंड घालायची. ती खाली गेलेली मान मला अजून दिसते. ज्यांच्या घरात नाव आयतं असतं त्यांना हे कळणं अवघड आहे.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो, चुकेल. एक तर ते आईच्या पाठीमागून होईल. आणि दुसरं म्हणजे तिच्याशिवाय ते नीट होणारच नाही.

ज्यांचा शोध घ्यायचा ते तुमचे आजोबा, पण आईचे वडील. त्यांच्या डीएनएचा अर्धा भाग आईत आहे. तुमच्यात त्यांचा साधारण चौथा हिस्सा उतरला, तुमच्या मुलात आठवा. दर पिढीला धागा निम्म्यानं विरतो. मुलाच्या लाळेवर पणजोबा शोधायचे म्हणजे जवळचा पुरावा घरात बसलेला असताना लांबचा हातात घ्यायचा. या शोधात सगळ्यांत मोलाची लाळ आईची आहे, आणि तीच नको म्हणते आहे.

मुलाला आणखी एक सांगा. किट माणूस शोधत नाही. ज्यांनी त्याच कंपनीकडं लाळ दिली, त्यांच्याशी तुमची तुलना करतं. या मोठ्या कंपन्यांकडं युरोपीय वंशाचे लोक फार आणि आपल्याकडचे थोडे. त्या घरातला कुणी, समजा अमेरिकेत गेलेला नातू, आधीच त्यात असेल तर नशीब. नसेल तर लांबच्या अनोळखी नावांची यादी येईल आणि 'दक्षिण आशियाई' असा टक्का येईल. त्या टक्क्यात गाव नसतं, घराणं नसतं, सहसा जातही नसते.

आणि यादीत कुणी जवळचं निघालं तरी आपल्या भागात आकड्यांवर डोळे मिटून विसंबता येत नाही. आपल्याकडं मामाची मुलगी करतात, कुठं कुठं भाचीही करतात. एकाच घराण्यात तीन-चार पिढ्या अशी लग्नं झाली की एकच डीएनए दोन-दोन वाटांनी खाली येतो आणि लांबचा चुलत माणूस जवळचा दिसायला लागतो. कंपनीचा अंदाज असल्या सोयरिकी धरून केलेला नसतो. रिपोर्टवर 'दुसरा चुलत' लिहिलेला माणूस प्रत्यक्षात कितीतरी लांबचा असू शकतो.

आता मामांकडं येते, कारण पत्रात त्यांचा एकच शब्द आहे. बापाचा वाय गुणसूत्र फक्त मुलाकडं जातो. तुमच्याकडं तो नाही, आईकडंही नाही. तो मामांकडं आहे. त्या घरातला एखादा पुरुष तयार झाला तर त्याचा आणि मामांचा वाय जुळतो का हे बघता येईल. जुळला तरी पुरुषांची वेल एक एवढंच ठरतं. थोरला भाऊ, धाकटा की चुलता, हे ठरत नाही.

आणि हे सगळं आई आणि मामांचे वडील एकच होते असं धरून चाललं आहे. सख्ख्या भावंडांत साधारण २६०० सेंटीमॉर्गन (सारखा डीएनए मोजायचं माप) डीएनए सारखा निघतो. आई एक आणि वडील वेगळे असतील तर १७०० ते १८००च्या आसपास. दोघांनी लाळ दिली की हा आकडा आपोआप समोर येणार, कुणी विचारलेलं नसताना. साठी ओलांडलेल्या भावाबहिणीला भाऊबीजेच्या ओवाळणीत तो आकडा आठवावा का? आईला हे ठाऊक असेल किंवा तिला त्याचीच भीती असेल, अशी मला दाट शंका आहे. तिच्या त्या दोन दिवसांच्या अबोल्याला मी हट्ट म्हणणार नाही.

जमीन नको म्हणता, त्यावर माझा विश्वास आहे. पण तुम्ही दार वाजवाल तेव्हा आतल्या माणसाला आधी उताराच आठवेल. म्हणून कुणी जुळलं तरी तडक त्या गावात जाऊ नका, मुलाला तर मुळीच पाठवू नका. आधी एक साधं पत्र, त्यात फक्त ओळख आणि फोन नंबर. घरी मागवलेल्या किटचा रिपोर्ट कोर्टात पुरावा म्हणून उभा राहत नाही, कारण नमुना कुणाचा हे कुणी अधिकाऱ्यानं पाहिलेलं नसतं. हक्काची वाट वेगळी आहे. कर्नाटक विधिमंडळानं २०२५ साली देवदासींसाठी नवा कायदा मंजूर केला, त्यात त्यांच्या मुलांचा वडिलांची ओळख मिळवण्याचा हक्क मान्य केला आहे आणि कागदोपत्री वडिलांच्या नावाची सक्ती काढली आहे. ती वाट आईची आणि मामांची आहे. त्यांना ती आहे एवढं कळू दे.

लाळ परदेशी गेली की तिच्यावर आपला ताबा कमी, हेही मुलाला सांगा. ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीतून २०२३ साली सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हाती लागली, आणि २०२५च्या मार्चमध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली.

मग करायचं काय? किट कपाटात ठेवा, त्याची मुदत तेवढी बघून घ्या. आणि आईशी त्या माणसाबद्दल बोलू नका, आज्जीबद्दल बोला. तिला कितव्या वर्षी सोडलं, सौंदत्तीच्या डोंगरावर कुणी नेलं, वखारीत तिच्या शेजारी कोण बसायचं. मुंबई इलाख्यात देवदासी सोडायला बंदी करणारा कायदा १९३४ सालीच झाला होता आणि बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होतं. तरी तुमच्या आज्जीला सोडलं. आईला हे कधी कुणी सांगितलंय का? गुन्हा दुसऱ्यांनी केला आणि मान तिच्या घरानं खाली घातली. हे तिच्या कानावर तुमच्या तोंडून जाऊ दे.

कागदही बघा. आईच्या शाळेचं जनरल रजिस्टर, तिच्या जन्माची नोंद. निपाणी तेव्हा चिकोडी तालुक्यात होती, म्हणून चौकशी तिकडंही करा. १९५६च्या आधीचं काही हाती आलं तर ते मोडी लिपीत असू शकेल, वाचणारा माणूस गाठावा लागेल; नंतरचं कन्नडमध्येही असू शकेल. बैलावर बसून घराण्याची वेल म्हणत येणारे हेळवी अजून काही गावांत येतात. त्यांच्या चोपडीत त्या घराण्याच्या पिढ्या सापडतील, पण ती वेल सहसा मुलग्यांच्या नावानं चालते. तुमच्या आईचं नाव तिथं मिळेल ही आशा धरू नका.

वखारीतल्या आज्जीच्या सोबतिणींपैकी कुणी हयात असेल तर तिच्याकडं आईला घेऊन जा. तुम्ही फक्त ऐका, वही काढू नका.

आईनं कधी आपणहून 'आण ती नळी' म्हटलं तर सकाळी मिसरी लावायच्या आधी घ्या. त्याआधी अर्धा तास चहा नाही, पाणी नाही, तोंडात काहीच नाही. आणि रिपोर्ट मुलाच्या मोबाईलवर येऊ देऊ नका. तो आईच्या नावानं मागवा, उघडायचा की नाही ते तिला ठरवू द्या. मामांना तिनं सांगितलं तरच सांगा.