त्रोटक, आटोपशीर आणि आटोपती घेतलेली

प्रश्न असा आलाय : नागपुरातल्या एका स्पर्धेच्या नियमांत 'लघुकथा संक्षिप्त व परिपूर्ण असावी' असं होतं. कथा लहानच लिहिली, तरी परीक्षकांचा शेरा आला, 'त्रोटक'. संक्षिप्त आणि त्रोटक यांत फरक काय? आणि लघुकथा नेमकी केवढी?

त्रोटक आणि त्रुटी एकाच धातूचे, 'त्रुट्' म्हणजे तुटणे. त्यामुळे त्रोटक म्हणजे नुसतं लहान नव्हे. जे हवं होतं तेच गाळलेलं. 'पोलिसांनी त्रोटक माहिती दिली' म्हणताना आपली तक्रार असते, कौतुक नसतं. परीक्षकांचा शब्द बरोबर आहे. चुकलाय तो नियमातला. संक्षिप्त करायला आधी काहीतरी मोठं असावं लागतं : संक्षिप्त चरित्र, संक्षिप्त आवृत्ती. कथा मुळातच तेवढी असते, ती कशाचा संक्षेप नसते. तिथे 'आटोपशीर' हवं होतं.

फरक शब्दसंख्येत सापडत नाही. हे बघा :

'मालतीचं आईशी भांडण झालं. दोन वर्षांनी ती इतवारीतल्या घरी परतली. झालं गेलं विसरून दोघी खूप रडल्या.'

आता हे :

'दोन वर्षांनी मालती इतवारीतल्या घरी आली. आईनं दार उघडलं आणि आत वळता वळता म्हणाली, "कूलरमध्ये पाणी टाकजो. तुह्या बापाले बादली उचलत नाही आता."'

पहिल्यात भांडण आहे, रडणं आहे, सगळा हिशेब आहे, तरी ते त्रोटक. दोघींमध्ये काय घडलं तेच दिसत नाही. दुसऱ्यात भांडणाचा उल्लेखही नाही. पण आईनं मुलीला घरात घेतलं, बाप थकलाय, नागपूरचा मे तापलाय, एवढं कळतं. भांडण कशावरून झालं हे विचारावंसं वाटत नाही. लेखकानं गाळलेलं वाचकाला भरता आलं तर आटोपशीर, नाही आलं तर त्रोटक.

आटोपशीरचाच एक वाया गेलेला भाऊ आहे : 'आटोपतं घेणे'. सभेत लांबलेल्या वक्त्याला चिठ्ठी जाते ना, 'आटोपतं घ्या', तोच. स्पर्धेच्या पुष्कळ कथा अशा आटोपत्या घेतलेल्या असतात. निम्मी कथा पावसाच्या वर्णनात जाते, शब्दमर्यादा जवळ आली की नायकाला ट्रक उडवतो. (त्या ट्रकवर एकदा बंदी घालायला हवी.) अशी कथा सुरुवातीला पाल्हाळिक आणि शेवटी त्रोटक असते. काट मारायची ती पावसावर.

आता 'लघुकथा'. इथे नागपूरकरांची अडचण खरी आहे. मराठीत एके काळी लघुकथा म्हणजे आज आपण नुसती 'कथा' म्हणतो ती. नरखेडला जन्मलेले, १९७९च्या चंद्रपूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वामन चोरघडे यांना लघुकथाकार म्हणतात ते याच अर्थानं. हिंदीत मात्र कथेला 'कहानी' म्हणतात आणि 'लघुकथा' म्हणजे जेमतेम पानभराची, कधी चार ओळींचीही. १९५६पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी असलेल्या नागपुरात हिंदी घराघरात आहे, त्यामुळे दोन्ही अर्थ एकाच जाहिरातीत भेटतात. आयोजकांना पानभराची हवी होती आणि तुम्ही मोठी कथा कापून पाठवलीत, असं झालं असेल. पुढच्या वेळी शब्दमर्यादा आधीच विचारून घ्या.

पानभराच्या कथेला हल्ली 'अलक' म्हणतात, अति लघु कथा. मला तो शब्द फारसा रुचत नाही, पण रुळलाय. 'लघुतम कथा' जास्त सरळ. त्यात त एकच, लघु अधिक तम, आपल्या लसावितला. काही जण 'लघुत्तम' लिहितात, तो जोड 'त्त' हिंदीतल्या 'लघुत्तम समापवर्त्य'कडून आलेला दिसतो.