वसतिगृहातले पहिले काही आठवडे

खोली मिळाली ना? मग अर्धं काम झालं. मी चार वर्षं वसतिगृहात काढली, त्यावरून सांगतो. वर्ग आणि ग्रंथालय पायी अंतरावर असतं, येण्याजाण्याचा वेळ वाचतो, हे आहेच. पण खरा फायदा माणसांचा. परीक्षेच्या आदल्या रात्री अडलेलं समजावून सांगणारा वरच्या वर्गातला कुणीतरी दोन दारं सोडून राहत असतो. बाहेर खोली घेतलीस तर ही सोय कुठली!

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- खोलीत असशील तेव्हा दार उघडं ठेव. ओळखी पहिल्या दोन आठवड्यांतच होतात, नंतर जो तो आपापल्या कंपूत.
- दिवा कधी बंद करायचा, पाहुणे किती वेळ, हे रूममेटशी लगेच बोलून घे. मी संकोचून गप्प बसलो आणि सहा महिने उशीखाली डोकं घालून झोपलो.
- खोली ताब्यात घेताना मोडकं-तुटकं लिहून दे, फोटो काढ. नाहीतर सोडताना ते तुझ्याच अनामत रकमेतून वसूल होऊ शकतं.

दर शनिवार-रविवारी घरी पळू नकोस, नव्यांची ही नेहमीची चूक. आणि अभ्यासाला ग्रंथालयातच जा. खोलीत फक्त गप्पा होतात.