कडेवरची मुलं आणि आकड्यांचा चकवा

प्रश्न : ज्या समाजांत मुलांना अडीच-तीन वर्षं अंगावर पाजतात, सतत कडेवर बाळगतात, तिथे आत्महत्या होतच नाहीत, असं वाचलं. खरं का?

उत्तर : असा दावा बहुधा छोट्या वस्त्यांच्या नोंदींवर उभा असतो. साधं गणित मांडा. वस्ती 500 माणसांची, प्रमाण वर्षाला लाखामागे 10. म्हणजे सरासरी 20 वर्षांत एक मृत्यू. अभ्यासक तिथे राहणार 2 वर्षं. त्याच्या वहीत ‘आत्महत्या नाही’ असंच लिहिलं जाण्याची शक्यता सुमारे 90 टक्के! शिवाय जिथे आत्महत्येला कलंक किंवा गुन्हा मानतात, तिथे ती अपघात म्हणून नोंदली जाते.

त्यातही बदलाचा वेग पाहा. श्रीलंकेत 1995 नंतरच्या 20 वर्षांत प्रमाण दोन तृतीयांशांहून अधिक घटलं, मुख्यतः जहाल कीटकनाशकांवरच्या बंदीमुळे. सोव्हिएत संघात 1985 च्या दारूविरोधी मोहिमेनंतर आकडा झपाट्याने उतरला, मोहीम ढेपाळल्यावर पुन्हा चढला. त्या प्रौढांचं बालपण तर केव्हाच सरलं होतं.

प्रश्न : म्हणजे संगोपनाचा संबंधच नाही?

उत्तर : आहे, पण तो देशांची तुलना करून नव्हे, एकेका माणसाकडे पाहून कळतो. 1979 पासून वापरात असलेल्या एका प्रश्नावलीत 25 विधानं आहेत. आई आणि वडील यांच्याबद्दल ती वेगवेगळी भरायची. माया किती आणि अतिनियंत्रण किती, एवढंच ती मोजते. माया कमी नि नियंत्रण जास्त, ही जोडी नैराश्य आणि आत्महत्येच्या प्रयत्नांशी वारंवार जुळलेली दिसते. मात्र उत्तरं आठवणीतून येतात, आणि खचलेल्या माणसाला बालपणही काळवंडलेलंच आठवतं. त्यामुळे एखाद्या घरात असं घडलं की लगेच आईबापांकडे बोट दाखवणं आम्हाला चुकीचं वाटतं.

प्रश्न : मुलाला थेट विचारलं तर नको तो विचार त्याच्या डोक्यात शिरेल ना?

उत्तर : नाही, अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. ‘मरून जावं असं मनात येतं का?’ असं सरळ विचारा. मग गप्प बसा. लगेच उपदेश केला की मूल ‘काही नाही’ म्हणून मोकळं होतं. उत्तर ‘हो’ आलं, तर त्याला एकटं सोडू नका; त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ किंवा रुग्णालय गाठा, आणि घरातली औषधं, कीटकनाशकं कुलपात ठेवा, शक्यतो घराबाहेरच हलवा.